दहापैकी आठ आणि वर रडगाणं: मोठ्या कंपन्यांच्या ओपन-वर्ल्ड गेमची परीक्षणं

येऊरचा_बिबट्या (ठाणे)

मोठ्या कंपनीचा ओपन-वर्ल्ड (म्हणजे मोठ्या जगात हवं तिकडे फिरा असा) गेम आला की परीक्षण आधीच लिहून ठेवलं असावं असं वाटतं. जग देखणं, काम तेच तेच, दहापैकी आठ. तेच तेच आहे तर आठ कसले? आणि आठ द्यायचेच तर रडगाणं कशाला?

माझ्या मते परीक्षकांनी दुखणं भलत्याच जागी धरलंय. तेच काम पुन्हा करायला माझी हरकत नाही. मला खटकतो तो नकाशा. 2007 च्या पहिल्या असॅसिन्स क्रीडमध्ये उंच मनोऱ्यावर चढलं की आजूबाजूचा नकाशा उघडायचा, तेव्हा त्यात मजा होती. 2012 च्या फार क्राय 3 मध्ये मनोऱ्याच्या जागी रेडिओ टॉवर आले. 2018 च्या फार क्राय 5 मध्ये तर गेममधला म्हाताराच सांगतो, असे टॉवर आता गावभर चढायला लावणार नाही. विनोद छान! पण शत्रूचे अड्डे घेत हिंडणं होतं तिथेच राहिलं.

नकाशावर चिन्हांचा सडा पडलेला असला की कुठे काय आहे ते जायच्या आधीच कळतं. मग डोंगर राहतो बाजूला, नजर कोपऱ्यातल्या चिमुकल्या नकाशावर. नवी मुंबईत फिरल्यासारखं: सेक्टर, प्लॉट नंबर, मध्ये बाग, कोपऱ्यावर बँक, पुढच्या सेक्टरात पुन्हा तेच. (तिकडच्यांनी हलकं घ्या.)

सेक्टर_अठरा (नेरुळ)

हलकं घेतलेलं नाही. 1970 मध्ये सिडको आली आणि तिने आखून शहर वसवलं, म्हणून तुमच्या पाहुण्यांना आमचं घर फोन न करता सापडतं. राम मारुती रोडला गाडी लावायला जागा शोधणं हाच तुमचा ओपन-वर्ल्ड असेल तर लखलाभ.

आता मुद्दा. परीक्षकाला साठ-साठ तासांचा गेम बऱ्याचदा आठवड्याभरात उरकायचा असतो. अजीर्ण होणारच. ते त्याच्या नोकरीचं दुखणं, गेमचं नव्हे. मी मुलगी झोपल्यावर पाऊण तास खेळतो. एक अड्डा घेतला, दोन पेट्या उघडल्या, झोपलो. असॅसिन्स क्रीड मालिकेतला व्हॅलहाला मला असा कित्येक महिने पुरला. दिवसभर ऑफिसात नक्की काय करायचंय हेच कोणी धड सांगत नाही. रात्री एखादा गेम "इथे जा, हे कर" म्हणाला तर बरं वाटतं हो. या सुखाला परीक्षणात जागाच नसते.

कोपरीकर

+1. आणि हा पंक्तिप्रपंच बघा. फेब्रुवारी 2022 ला एल्डन रिंग आला, सगळे लोटांगण घालून मोकळे. त्यात भुयारांमागून भुयारं आणि तोच वॉचडॉग नावाचा बॉस (भुयाराच्या शेवटचा तगडा शत्रू) कितीदा तरी! तिथे पुनरावृत्ती दिसत नाही, असॅसिन्स क्रीड, फार क्राय काढणाऱ्या युबिसॉफ्टचं नाव आलं की लगेच दिसते. शिवाय चिन्हं नाहीत म्हणून माझ्यासारख्याने फोनवर विकी उघडून बसायचं. म्हणजे नकाशा आहेच, फक्त फुकट काम करणाऱ्या चाहत्यांनी बनवलेला.

येऊरचा_बिबट्या

वॉचडॉगबद्दल भांडणार नाही, कंटाळवाणाच आहे. पण त्या भुयाराचं तोंड मला मी शोधल्यावर सापडलं. 2017 च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही टॉवर आहेतच की. वर चढलं की फक्त भूगोल दिसतो, खुणा आपण आपल्या करायच्या. टॉवर तोच, पण चढल्यावर डोळे वापरावे लागतात.

सेक्टरभाऊ, तुमच्या पाऊण तासावर एक प्रश्न. असॅसिन्स क्रीडच्याच 2018 च्या ओडिसीत एक्सपी (अनुभवाचे गुण) भराभर वाढवणारा बूस्टर वेगळ्या पैशांत विकायला होता. ज्या कामात तुम्हाला सुख आहे, ते लवकर संपवायचे पैसे कंपनीच मागते. तिला स्वतःलाच ते सुख वाटत नसावं.

सेक्टर_अठरा (नेरुळ)

मी घेतला नाही. विकणारे काहीही विकतात. हावरटपणाबद्दल हवे तेवढे गुण कापा, माझी ना नाही. ती तक्रार वेगळी आणि "फॉर्म्युला" म्हणून नाक मुरडणं वेगळं.

पिक्सेल_हमाल (घणसोली)

धंद्यातला आहे, कंपनी विचारू नका. हे गेम एका छताखाली बनत नाहीत. युबिसॉफ्टचंच बघा, पुण्यात आणि मुंबईतही त्यांचे स्टुडिओ आहेत, बाकी जगभर पसरलेले. अड्डा म्हणजे काय हे एकदा ठरलं (पहारेकरी, भोंगा, आत शिरायच्या दोन-तीन वाटा) की दूरची टीमही तो बनवू शकते आणि तपासणाऱ्यालाही काय तपासायचं ते कळतं.

पण खरी मेख पुढे आहे. खेळणारा कुठूनही कुठेही जाणार, म्हणून प्रत्येक तुकडा कोणत्याही क्रमाने चालला पाहिजे. मग एका तुकड्यात घडलेल्याचा दुसऱ्यावर परिणाम होऊ द्यायचा नाही. परिणाम नाही म्हणून सगळं सारखं लागतं. चिन्हं पुसून हे जाणार नाही, बिबट्याराव. आणि याबद्दल परीक्षणात ओळ सापडली तर मला दाखवा.

सीवूड्सची_आई

मधेच बोलते. असॅसिन्स क्रीडच्या 2017 च्या ओरिजिन्सला पुढच्या वर्षी डिस्कव्हरी टूर आली. तोच प्राचीन इजिप्त, पण लढाई नाही, मिशन नाही, नुसतं फिरा आणि माहिती ऐका. लेकाबरोबर पिरॅमिड त्यातच बघितले. हे जग बनवणाऱ्यांचं कौतुक एका वाक्यात उरकून परीक्षक तक्रारींकडे वळतात, ते मला पटत नाही.

येऊरचा_बिबट्या

ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! कामांची यादी काढली आणि जग दिसायला लागलं.

सेक्टर_अठरा (नेरुळ)

लेक "मारामारी कधी?" विचारत नाही का?

सीवूड्सची_आई

दर दहा मिनिटांनी. आणि बिबट्या, टूरमध्येही ठरलेल्या वाटा आहेतच. मला त्या आवडल्या. रविवारी टी. एस. चाणक्यच्या पाणथळ जागेपाशी फ्लेमिंगो बघायला जातो तेही कुठे उभं राहायचं ते विचारूनच.

कोपरीकर

आपल्या सह्याद्रीतला म्हणून 2017 चा अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी सुचवतो. एकच प्रकरण मोकळ्या मैदानाचं, जीप घेऊन हवं तिकडे जा. होयसळांचं राज्य, कागदी नकाशा, त्यावर नायिकाच खुणा करते. आणि हो, सुरुवातीला टॉवर चढावाच लागतो. 😄

येऊरचा_बिबट्या

चालेल, तो लहान आहे. हमालसाहेबांचं ऐकून मागणी वाढवतो. परीक्षणाच्या डोक्यावर लिहा: किती दिवसांत खेळलो, चिन्हं चालू होती की बंद, आणि पहिल्या दहा तासांत केलेलं पुढे कुठे उपयोगी पडलं. आकडा नसला तरी चालेल.

पिक्सेल_हमाल (घणसोली)

आकड्याला हसू नका. 2010 च्या फॉलआउट: न्यू वेगसला परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर 85 मिळाले असते तर बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस होता. मिळाले 84. त्यांच्याच एका ज्येष्ठ डिझायनरने 2012 मध्ये हे जाहीर सांगितलं. तुम्ही वैतागून सहा दिलेत की भरपाई फॉर्म्युला ठरवणारा साहेब करत नाही.

सेक्टर_अठरा (नेरुळ)

घ्या. आता द्या असॅसिन्स क्रीड शॅडोजला गुण, बिबट्याराव.

येऊरचा_बिबट्या

हमालांची माफी मागून, सहाच.