डिजिटल अरेस्ट: लोभ नव्हे, एकटेपणा

‘शिकलेली माणसं लोभापायी फसतात’ असं अनेकदा म्हटलं जातं. पण हे मत डिजिटल अरेस्टला, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच ‘अटक’ करण्याच्या फसवणुकीला, लागू होत नाही. इथे हत्यार भीतीचं आहे. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा आधारवर मनी लॉन्डरिंगचा गुन्हा आहे, असं सांगून हे भामटे व्हिडिओ कॉल तासन्‌तास चालू ठेवायला लावतात आणि ‘घरच्यांना सांगाल तर त्यांनाही अटक’ अशी धमकी देतात. विचारायला माणूसच उरत नाही, म्हणून निवृत्त अधिकारीसुद्धा एफडी मोडतात. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक नाहीच, ‘तपासणीसाठी’ खात्यात पैसे मागवणंही नाही.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. रक्कम, वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. पैसे मिनिटांत अनेक भाड्याच्या (दुसऱ्यांच्या नावावरच्या) खात्यांत फिरतात. उशीर झाला की गोठवायला काही उरत नाही. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या. आणि घरात कुणी फसलं असेल तर कृपया त्याच्यावर रागावू नका: घरचे बोलतील या धास्तीनेच तक्रार दोन दिवस लांबते. आईवडिलांना आजच सांगून ठेवा, ‘असा फोन आला तर कट करून मला लावा, कितीही वाजलेले असोत.’