रोज प्रभूसोबत बसता, मग वागण्यात काय फरक पडला? अनुभव लिहा

सलाम सगळ्यांना. साक्ष द्या, म्हणजे प्रभूने आयुष्यात काय केलं ते सांगा, म्हटलं की आपण मोठमोठे चमत्कारच सांगतो, ते या धाग्यात नकोत. रोज प्रभूसोबत थोडा वेळ बसून घरात, ऑफिसात, ट्रेनमध्ये तुमचं वागणं कुठे बदललं आणि कुठे अजिबात नाही, तेवढंच लिहा.

माझ्यापासून सुरू करते. राहते कळव्याला, नोकरी महापेला. पहाटे पाचला उठून बायबल उघडायचं असं तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं, कारण पाचलाच आमच्याकडे पाणी येतं, बादल्या भरताना कसला आलाय एकांत. मग एकदा मार्क १:३५ वाचताना पुढच्या ओळीकडे लक्ष गेलं, येशू अंधारात उठून एकांतात गेला तर शिष्य लगेच मागोमाग हजर, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून! हसूच आलं. आता ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की घणसोली येईपर्यंत मोबाईलवर बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय. ३१ अध्याय आहेत, तारीख बघायची आणि वाचायचं. १५ तारखेला पहिलीच ओळ आली, सौम्य उत्तराने राग शांत होतो. आदल्या रात्री टीममधल्या एका मुलीला झापणारा मेल टाइप करून ठेवला होता. तो अजून ड्राफ्टमध्येच आहे.

ऐरोलीहून
ताई, आमच्याकडे अबोल्याचा विषय. मी आणि मिसेस तीन-तीन दिवस बोलायचो नाही, मुलगी निरोप्या. एका रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले आणि शब्दच फुटेना. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रातलं ४:२६ डोक्यात, सूर्य मावळण्याआधी राग सोडा, आणि सूर्य मावळून चार तास झालेले. उठून किचनमध्ये गेलो, ती दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी गवार मोडत बसली होती, मी पण समोर बसून मोडायला लागलो. सॉरी वगैरे नाही म्हटलं, अर्धा किलो गवार मोडली फक्त. शेवटी तीच म्हणाली, शिरा नीट काढा. अबोला अजूनही होतो, खोटं कशाला बोलू, पण तीन दिवसांचा विक्रम परत नाही झाला.

तलावपाळीजवळची काकू
आम्ही कॅथलिक, आमची रोझरी, म्हणजे मण्यांची जपमाळ. तरुण पोरं विचारतात, काकू तेच तेच ५० वेळा 'नमो मरिये' म्हणून काय होतं? अरे बाबांनो, यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास बाहेर बाकावर बसायचं, तेव्हा स्वतःचे शब्द येत नाहीत हो. बोटात मणी असला की मन निदान एका जागी बसतं. आधी मी तिथे बसून नातेवाईकांचा हिशेब करायचे, कोण भेटायला आलं, कोण नाही. आता शेजारच्या बाईला चहा आणून देते, तिचा नवरा पण आतच असतो. ती मुसलमान आहे, तिच्या हातात तसबीह, त्यांची जपमाळ. आम्ही एकमेकींचे मणी बघून हसतो.

कोपरखैरणे, वय २४
माझा अनुभव उलटा आहे, चालेल ना? बायबल अ‍ॅपवर सलग दिवस मोजतात ते मला लागलं. रात्री ११:५५ला कसंतरी एक वचन उघडून बंद, आकडा चालू राहिला म्हणजे झालं. २००च्या वर गेलो होतो आणि आईशी तसाच खेकसायचो. मग एक दिवस विसरलो आणि आकडा शून्य. वाईट वाटलं, नंतर मोकळंच वाटलं. आता अ‍ॅप काढलंय, पप्पांचं जुनं काळ्या कव्हरचं बायबल घेतो, पेन्सिलने त्यांनी ओळी मारल्यात. रोज होत नाही. पण होतं तेव्हा मी तिथे असतो.

घोडबंदर रोड
आई गेल्यावर चर्चच्या मंडळीतले लोक येऊन आनंदी राहा म्हणायचे, ती प्रभूजवळ आहे म्हणायचे. खरं असेल, पण मला ऐकवत नव्हतं. तेव्हा स्तोत्र ८८ सापडलं. बाकीची बहुतेक रडगाण्याची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीवर येतात, हे वळतच नाही, शेवटपर्यंत अंधारच. असलं पण बायबलमध्ये आहे म्हणजे असं पण देवाशी बोलता येतं तर. दोन महिने रोज तेवढंच वाचलं, दुसरं काही नाही. परवा पहिल्यांदा पान उलटून ८९ वर गेलो. अर्धंच वाचलं, मोठं आहे ते.