मदत हवी आहे: पूररेषेतल्या प्लॉटिंगबद्दल, सांगली

आमच्या शेताशेजारच्या मळीत (नदीकाठच्या जमिनीत) भराव टाकून गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट विकायला काढलेत, एजंट म्हणतोय पूररेषेच्या बाहेर आहे, पण २०१९ आणि २०२१ ला तिथं पाणी होतं हे सगळ्या गल्लीनं बघितलंय. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या, एवढं माहितीये, पण आपला गट नंबर कशात येतो ते पाटबंधारेच्या नकाशावर बघायचं का विकास आराखड्यात? घरं लोकांना पाहिजेतच, माझ्या भावालाच जागा घ्यायचीय (तोही तिथंच बघतोय, काय बोलणार), पण ओढा बुजवला की पाणी थेट आमच्या उसात. लेखी हरकत कुणाकडं द्यायची, तहसीलदार का पाटबंधारे? कुणी दिली असंल तर अर्जात काय काय जोडलं तेवढं सांगा प्लीज.