मदत हवी आहे: मावठ्यात (हिवाळ्यातल्या अवकाळी पावसात) दुर्बिणीवर वाफ, सिरपूरला किती वाजता जावं?

रविवारी आमचा गट इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी बघायला जाणार आहे. मावठ्याचा अंदाज आहे, वर पहाटेचं धुकं. दुर्बिणी साध्या, ८×४२ (आठपट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग ४२ मिमी), वॉटरप्रूफ नाहीत. वाफ धरते ती डोळ्याकडच्या काचेवर, बाहेरून. आत ओल नाही. मऊ कापडाने पुसून झालं, पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाल्या. तरी चष्मेवाल्या काकांना तलवार बदकाची शेपटी दिसायच्या आत सगळं पांढरं! श्वास मफलरमधून वर काचेवर जातो, पण मफलर नाकाखाली घ्यायला ते तयार नाहीत (थंडी बघता चूक त्यांची नाही). नवी दुर्बीण घेणं सध्या शक्य नाही. मुलं सोबत असल्याने अकरापर्यंत परतायचंय.

लेन्सच्या कोटिंगला धक्का न लावणारं काही कुणी वापरलंय का? आणि धुकं उठल्यावर नऊला पोचलो तर बदकं काठाजवळ दिसतील, की सातलाच गाठावं?