रोज कमरेला लावायचं तर निर्भीक की प्रबल?

केळीवाला_रावेर: हत्याराचा परवाना आला एकदाचा. हंगामात रोकड घेऊन रावेर-सावदा फेऱ्या असतात. .३२ चं रिव्हॉल्वर घ्यायचंय. निर्भीक ५०० ग्रॅमचं, प्रबल ७०० चं. मी निर्भीककडे झुकलोय.

तापीकाठ: चुकताय भो. निर्भीक २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून काढलं, तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होतं. घडण जुनी, नळी खाली झुकवून काडतुसं भरायची. २०२३ च्या प्रबलचं सिलिंडर बाजूला उघडतं, फ्रेम म्हणजे सांगाडा अखंड. पल्लाही ५० मीटर सांगतात.

दीपनगरचा_धूर: ५० मीटरवरच्या माणसाला गोळी घालून कोर्टात स्वसंरक्षण म्हणून सांगणार का? तेवढ्या अंतरावरून पळता येतं की!

आणि भुसावळचा मे विसरलात. पारा ४५ ला टेकतो, जाकीट कोण घालणार? बाहेर सोडलेला शर्ट घामानं अंगाला चिकटतो आणि खालची वस्तू आकारासकट दिसते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार पूर्ण झाकलेलंच हवं. प्रबल १७७.६ मिमी, म्हणजे जवळपास सात इंच. मोटारसायकलवर बसलात की मांडीत रुतणार. शिवाय निर्भीकला टायटॅनियमचा मिश्रधातू आहे, घामानं गंजायची कटकट कमी.

तापीकाठ: एवढी कटकट वाटते तर बुशशर्ट एक माप मोठा शिवा.

कपाशीचं_बोंड: दोन्ही राहू द्या. माझ्या काकांकडे २० वर्षं परवाना होता. रिव्हॉल्वर कपाटात, काडतुसं काकूच्या डाळीच्या डब्यात! चोर आला असता तर आधी काकूला उठवावं लागलं असतं. चकरा मात्र चुकल्या नाहीत: निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा, परत आणा. मुदत संपत आली की नूतनीकरण. रोकड कशाला बाळगता, आरटीजीएस करा.

केळीवाला_रावेर: दादा, काढणीच्या मजुरांना संध्याकाळी हातात पैसे लागतात. त्यांना आरटीजीएस सांगू?

कपाशीचं_बोंड: मग मुलाला सोबत न्या, रोज वेगळ्या वेळेला निघा. बाकी सराव किती करणार ते सांगा. काडतुसं परवान्यावर लिहिलेली तेवढीच मिळणार. वरणगावला गोळ्या बनतात म्हणून कारखान्याच्या दारात कोणी देत नाही, आमच्या मेहुण्याला तसं वाटलं होतं.

दीपनगरचा_धूर: सरावाचं मान्य. ‘दोन्ही राहू द्या’ हे मात्र नाही.

केळीवाला_रावेर: वेळा बदलतो. दुकानात मात्र जाणारच, तेही हाच रोजचा शर्ट घालून. दोन्ही कमरेला लावून मोटारसायकलवर बसू देतात का विचारतो.