मदत हवी आहे: बेसिलची पानं कडेनं जळतायत, कोथिंबीर उगवतच नाही (पाण्यावरची लागवड)

पेन्सिलटोक
नमस्कार. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.
घरातच पाण्यावर बेसिल आणि कोथिंबीर लावली आहे. टब, एअर पंप, वर एलईडी दिवा. सगळं अगदी तक्त्याप्रमाणे चाललंय. पाच आठवडे झाले. गेल्या आठवड्यापासून बेसिलची पानं कडेनं तपकिरी, कुरकुरीत होतायत आणि पंजासारखी खाली वळतायत. कोथिंबीर तर तोंडच दाखवायला तयार नाही. पीएच (पाण्याची आम्लता) ६ आहे, रोज बघतो, त्यामुळे पीएचबद्दल सांगू नका. आता काय घालू? लवकर सांगा, रोज दोन-तीन पानं जातायत.

जलकुंभी
घालण्याआधी थांबा. जुनी पानं जळतायत की नवी? मुळं कशी दिसतात? पाणी किती लिटर? खत कोणतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती? आणि "तक्त्याप्रमाणे" म्हणजे कुठल्या तक्त्याप्रमाणे?

हिरवाकंदील
लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहणारं) घाला. माझ्याकडे डिट्टो असंच झालं होतं, लोह घातल्यावर फरक पडला.

जलकुंभी
@हिरवाकंदील, डिट्टो नसावं. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथे कडा जळतायत.

ओलीसुकी
पहिलं काम, तो एअर पंप काढून टाका. क्रॅटकी पद्धत वाचा. डबा, झाकण, जाळीचा कप, एकदा भरलेलं खतपाणी, बास. पाणी खाली जातं तशी वर हवेची पोकळी तयार होते, तिथली मुळं हवा घेतात आणि खालची पाणी पितात. वीज नाही, आवाज नाही. बर्नार्ड क्रॅटकी स्वतः हवाई विद्यापीठातले, तरी पंपाची हवा नको म्हणतात.

पाचवा_कोपरा
कुंडीत माती भरा, बी टाका, विषय संपला. झाडाला दवाखान्यात सलाइनवर कशाला ठेवायचं?

पेन्सिलटोक
मातीत लावायचं असतं तर इथे कशाला आलो असतो?
टब २० लिटरचा, बेसिलची ६ रोपं. मुळं पांढरी आहेत. नळाचं पाणी. टीडीएस १४००. खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांतलं. फोटो संध्याकाळी टाकतो. पण काय घालू ते सांगा ना कुणीतरी.

ओलीसुकी
पंप अजून चालू आहे का?

जलकुंभी
१४०० कुठल्या स्केलवर?

पेन्सिलटोक
स्केल म्हणजे? मीटर पाण्यात बुडवला की १४०० दिसतं.

जलकुंभी
मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, म्हणजे ईसी. त्याला एका आकड्यानं गुणून टीडीएस दाखवतो. काही मीटर ५०० नं गुणतात, काही ७०० नं. तुमचा ५००चा असेल तर १४०० म्हणजे ईसी २.८, आणि ७००चा असेल तर २.०. नुसतं १४०० सांगून काहीच कळत नाही. मीटरच्या पाठीवर ०.५ किंवा ०.७ असं काही छापलंय का बघा. आणि खत न घातलेल्या नळाच्या पाण्याचं रीडिंगही घ्या.

हिरवाकंदील
मी गेली तीन वर्षं फक्त टीडीएसवर करतोय, काही अडत नाही.

जलकुंभी
एकच मीटर वापरता म्हणून अडत नाही. दुसऱ्याला आकडा सांगितलात की अडेल.

पेन्सिलटोक
पाठीवर ०.५ आहे. नळाचं पाणी ३५०.

जलकुंभी
म्हणजे नळाचं पाणीच ०.७ आणि टबातलं २.८. बेसिलला १.० ते १.६ पुरतं. पाणी इतकं खारट झालं की मुळांना ते ओढून घेणं जड जातं. पाणी समोर असून झाड तहानलेलं राहतं आणि सगळ्यात आधी पानाच्या कडा वाळतात. तुम्हाला काही घालायचं नाहीये, काढायचं आहे.
पण मुळात २.८ झालं कसं? टबातलं पाणी कमी झालं की वरून काय भरता?

पेन्सिलटोक
तेच, खताचं पाणी. तक्त्यात त्या आठवड्याचा जो डोस असेल त्याचं.

जलकुंभी
तिथेच घोळ आहे. झाड पाणी भराभर पितं, क्षार त्यामानाने हळू घेतं. पाणी उडालं, क्षार मागे राहिले आणि त्यावर तुम्ही आणखी क्षार ओतले. आटत आलेल्या पातेल्यात परत मीठ टाकण्यातला प्रकार. ईसी चढत असेल तर वरून नुसतं साधं पाणी भरायचं, उतरत असेल तरच खताचं.

रविवारचा_माळी
सोपा उपाय, १९:१९:१९ (नायट्रोजन, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) वापरा. मी सगळ्या कुंड्यांना तेच घालतो. विरघळतंही छान.

जलकुंभी
कुंड्यांना घाला की. पाण्यावर नको. त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचा नायट्रेट करून देतात, टबात ते काम करायला फारसं कुणी नसतं. शिवाय त्यात कॅल्शियम नाही.

रविवारचा_माळी
माझी जास्वंद मस्त आहे.

पाचवा_कोपरा
कारण ती मातीत आहे. 🙂

हिरवाकंदील
बरं, लोह नाही तर नाही. १४००चं निम्मं करायचं असेल तर अर्धा टब ओतून द्या आणि साधं पाणी भरा. सरळ हिशोब.

जलकुंभी
हिशोब सरळ नाही, कारण साधं पाणीही ०.७ आहे. निम्मं-निम्मं केलं तर (२.८ + ०.७) भागिले २, म्हणजे १.७५. १.४ वर यायचं तर २० पैकी १३ लिटर काढावं लागेल. पण त्याआधी मला तो तक्ता बघायचाय. पाचव्या आठवड्यात काय लिहिलंय त्यात?

पेन्सिलटोक
"आठवडा ५: फुलोरा. ए आणि बी मिली एवढे एवढे, फुलोरा बूस्टर, दिवा १२ तास."

जलकुंभी
बेसिलला फुलोरा?? बेसिलचा तुरा दिसला की आपण खुडतो, नाहीतर पानं धरणं कमी होतं. कुठल्या झाडाचा तक्ता आहे हा?

पेन्सिलटोक
आत्ता त्या पानावर अगदी वर जाऊन बघितलं.
गांज्याचा आहे.

पाचवा_कोपरा
😂😂😂 धागा वाचनखूण साठवली आहे.

रविवारचा_माळी
घरच्यांना सांगितलंत का?

पेन्सिलटोक
हसा. हायड्रोपोनिक्स (म्हणजे हीच पाण्यावरची लागवड) आणि दिवे एवढं शोधलं की दहातली आठ पानं त्याचीच निघतात. त्यात कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं, नुसतं "तुमची रोपं" असं होतं. मला काय स्वप्न पडणार?

जलकुंभी
हसण्यावारी नेलं तरी चूक समजण्यासारखी आहे. घरातल्या दिव्यांवर सगळ्यात जास्त लिखाण त्याच मंडळींनी केलंय. पण त्या झाडाचं गणित वेगळं. रात्र मोठी झाली की ते फुलावर येतं, म्हणून १२ तास दिवा. तुम्हाला हवीत पानं, त्यामुळे दिवा १४ ते १६ तास ठेवा. ते "बूस्टर" म्हणजे बहुतेक नुसतं स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम). पालाश जास्त झालं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेण्यात अडथळा येतो, म्हणजे आधीच जळालेल्या कडांवर आणखी भर. ती बाटली बाजूला ठेवा. आणि आता १३ लिटरचं विसरा, सगळा टब रिकामा करा. प्रमाणच चुकलेलं पाणी पातळ करून काय उपयोग?

हिरवाकंदील
विषय निघालाच आहे म्हणून: कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४ झाडं लावायला परवानगी आहे. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला ३. उरुग्वेनं तर २०१३ मध्येच कायदा केला होता, घरटी ६.

नवा_गडी
मग त्याचाही तक्ता द्या ना कुणीतरी. नुसतं माहितीसाठी.

संपादक
इथे नको. बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे. धागा बेसिल-कोथिंबिरीचा आहे, तिथेच राहू द्या. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

रविवारचा_माळी
अवांतर: मुळात बेसिल म्हणजे काय? सब्जाचं झाडच ना?

हिरवाकंदील
प्रजाती तीच, वाण वेगळे. आणि हायड्रोपोनिक्स हा शब्द १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिके यांनी रूढ केला. त्यांचे टोमॅटोचे वेल इतके उंच व्हायचे की तोडायला शिडी लागायची.

पेन्सिलटोक
टोमॅटो राहू द्या. टब रिकामा करतोय. नवीन पाण्यात ए आणि बी एकदम ओतू ना?

जलकुंभी
नाही! आधी टब पाण्यानं भरा, ए घाला, ढवळा, मग बी. दोन्ही अर्क एकमेकांत थेट मिसळले की एकातलं कॅल्शियम आणि दुसऱ्यातलं सल्फेट-फॉस्फेट यांचा पांढरा गाळ बसतो. तो गाळ रोपांच्या काही कामाचा नाही. दोन बाटल्या वेगळ्या ठेवायचं कारणच ते. ईसी १.४ वर थांबा आणि पीएच शेवटी बघा. पीएच मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केलात?

पेन्सिलटोक
पीएचबद्दल सांगू नका म्हणालो होतो.
(कधीच नाही.)

जलकुंभी
पीएच ४ आणि ७ च्या तयार द्रावणात बुडवून तेच आकडे येतात का बघा. तुमचा ६ खरं तर ६.८ ही असू शकतो. आणि मीटरचं टोक कोरडं ठेवू नका, बिघडतं.
पाण्याचं तापमान?

पेन्सिलटोक
२९. टब पारदर्शक आहे, आतून हिरवट झालाय. तेवढं चालतं ना?

ओलीसुकी
पारदर्शक!! आज झाकून टाका, काळा कागद, फॉइल, काहीही. उजेड आणि खत मिळालं की शेवाळ येणारच.

जलकुंभी
याबाबतीत ओलीसुकींशी सहमत. पंपाबाबत नाही. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. शिवाय मुळं कुजवणारी पिथियम बुरशीही अशा पाण्यात फोफावते. २९ अंशांच्या टबात पंप काढू नका. मुळं अजून पांढरी आहेत ते त्या पंपाच्या कृपेने. तपकिरी, बुळबुळीत झाली आणि वास आला, तर मात्र लगेच कळवा.

ओलीसुकी
माझ्या डब्यात पाणी ३० ला जातं, पंपाशिवाय, आणि लेट्यूस उत्तम.

जलकुंभी
हवेची पोकळी आहे म्हणून. त्यांचा टब काठोकाठ भरलेला आहे.

ओलीसुकी
तेच म्हणतोय मी पहिल्यापासून, काठोकाठ भरू नका!

पेन्सिलटोक
(नऊ दिवसांनी)
जुनी जळालेली पानं तशीच आहेत, पण नवीन सगळी स्वच्छ, चकचकीत. ईसी १.३. मीटर तपासला, ०.६ नं कमी दाखवत होता. पीएच आता खरोखरच ६ आहे. फॉइल लावली. जलकुंभी, मनापासून आभार. कोथिंबीर अजूनही शून्य.

जलकुंभी
जळालेली पानं परत हिरवी होत नाहीत, खुडून टाका. कोथिंबिरीचं बी कुठे आणि कसं ठेवलंय?

पेन्सिलटोक
त्याच टबात, स्पंजमध्ये. स्पंज पाण्यात बुडलेला आहे म्हणजे सुकणार नाही.

पाचवा_कोपरा
पाच आठवडे बुडवून ठेवलंत? ते बी नाही राहिलं आता, लोणचं झालं.

जलकुंभी
दुर्दैवानं हो. ते टाकून द्या. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात. हलक्या हातानं रगडून दोन फाका करा, ओल्या कागदात गुंडाळून टबापासून लांब, थंड जागी ठेवा. उबेत ती नीट उगवत नाही. आठ-दहा दिवस कागद उघडून सारखं डोकावू नका. कोंब आला की लगेच कपात, मूळ लांबायच्या आत. तिला मागाहून उपटून लावलेलं सोसत नाही.

पेन्सिलटोक
करतो. टबात एक भोक रिकामं राहिलंय, तिथे पुदिना लावू का?

ओलीसुकी
वेगळ्या डब्यात लावा. पुदिन्याची मुळं महिन्याभरात सगळा टब व्यापतात, बेसिलला जागा ठेवत नाहीत. आणि वेगळा डबा घेतच आहात तर पंपाशिवाय…

नवा_गडी
धागा वर काढतोय. माझ्या निवडुंगाची टोकं पिवळी पडतायत. मातीत आहे. काय घालू?