उतरता काळ येतोच असं नाही, पण आला तर

एकांनी लिहिलंय की परक्या शहरात पहिले काही महिने छान गेले, आता मात्र सगळं अंगावर येतंय, परत जावंसं वाटतंय. तुमचं काही चुकत नाहीये. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेच्या वर नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास मांडला. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना जास्त जड गेलं, त्याहून जास्त राहिलेले पुन्हा रुळलेले दिसले. नंतरच्या अभ्यासांत हा आधी बरं, मग जड, मग पुन्हा बरं असा क्रम सगळ्यांना लागू पडला नाही. काहींना पहिले आठवडेच सर्वांत कठीण जातात. तेव्हा महिने मोजत बसू नका.

मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या वरवरच्या ओळखी. जिवाभावाचे मित्र लगेच कुठून मिळणार? पण ठरल्या वेळी त्याच बागेत, त्याच वाचनालयात जात राहिलात, तर मान हलवून ओळख देणारी, दोन शब्द बोलणारी माणसं हळूहळू होतात. नोकरीची खबरही अनेकदा अशाच ओळखीतून येते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवलंय. घरी फोन जरूर करा, फक्त रोजची संध्याकाळ त्यातच घालवू नका. आणि परतायचा निर्णय तिथली भाषा शिकायच्या वर्गाचं निदान एक सत्र पूर्ण झाल्यावर घ्या.